अंदाजाने

पहिलं पुस्तक पाव दिनारला घेतलं,
कुवेतच्या शुक्रवारच्या बाजारात, जुने पंखे
आणि जोडी हरवलेले बूट यांच्या मधोमध.
मराठी! कोणी आणलं, कोणी टाकलं, देव जाणे.
मुखपृष्ठ नव्हतंच. पान सतरापासून सुरू,
तेही अर्ध्या वाक्यातून:
"...आणि मग झाकण ठेवून गप्प बसावे."
मी हसलो. विकणाऱ्यालाही हसू आलं, का ते न कळता.

फहाहीलच्या त्या खोलीत सहा खाटा होत्या,
शेगडीला बंदी. डबे बाहेरून यायचे,
शनिवारची डाळ बुधवारपर्यंत तीच,
फक्त दिवसागणिक पातळ.
दिवा मालवला की मी टॉर्च लावून वाचायचो,
मोठ्याने, मोडक्या हिंदीत.
तेल तापू द्या. सगळे थांबायचे.
खालच्या खाटेवरून कुंजुमोन म्हणायचा, खोबरेल ना?
शफीकुल मोहरीच्या तेलावर अडून बसायचा.
कांद्यावरून तर एकदा भांडणच झालं,
लाल म्हणजे किती लाल, कोणाच्या आईचा लाल.
एसी घरघरत असायचा, आणि कोणीतरी अंधारातून:
आता उतरव रे, करपेल.
चार वर्षं त्या खोलीत मी
थेंबभर तेल न सांडता स्वयंपाक केला.

मग पुस्तकं येतच गेली.
क्रेनचे सुटे भाग मोजणारा गोदामातला माणूस मी,
नोंद नसलेली वस्तू मला सहन होत नाही.
तर, एकूण दोनशे सात.
लोणच्यांची एकोणीस. आजाऱ्याच्या पथ्याचं एक.
एक मल्याळम, जे मला वाचता येत नाही.
एक अरबी, अक्षराला अक्षर लावत वाचलेलं;
मजबूसपाशी पोचायला अख्खा रमजान लागला.
त्या पानाच्या घडीत कोणाच्या तरी लूमीचा,
सुक्या लिंबाचा, काळा चुरा आहे.
मी तो झटकलेला नाही.

शालन आली तेव्हा फ्लॅट मिळाला, ओटा मिळाला.
तिने एकही पुस्तक उघडलं नाही, असं मी समजून होतो.
ती अंदाजाने करायची. मिठाकडे बघायचीसुद्धा नाही.
मी दारात उभा राहून मापं वाचायचो,
एक वाटी, अर्धी वाटी.
कुठली वाटी? ती विचारायची,
आणि हे दोनशे सातांपैकी एकानेही सांगितलेलं नाही.
बाजूला व्हा, फोडणी उडेल.

मार्चमध्ये ती कणकवलीला गेली,
घर झाडून ठेवते म्हणाली.
माझा हिशेब जुलैत चुकता होईल.
विमानात तीस किलो. गोदामातला काटा घरी आणला,
पुस्तकं चढवायला घेतली,
आणि बटाट्याच्या रश्शात पेन्सिल दिसली.
बारीक, तिरकी, तिचीच:
"खोटं. एवढ्या पाण्यात लगदा होईल."
अळूवडीत: "ह्या बाईने अळू पाहिलेलं नाही."
बासुंदीत: "दूध इथलं. वेळ दुप्पट."
एका ठिकाणी नुसतंच "बरं."
काटा तसाच राहिला. पहाटेच्या अजानपर्यंत
मी जमिनीवर बसून वाचत होतो.
बावीस वर्षांत स्वयंपाकघरात
ती माझ्याशी इतकं बोलली नव्हती.

मल्याळम कुंजुमोनच्या मुलीला दिलं.
लोणच्यांतली सतरा खाली चौकीदाराकडे,
तो म्हणतो, चित्रं चांगली आहेत.
पेन्सिल लागलेली तेवढी एकतीस किलो भरली.
चार शर्ट काढले. पहिलं पुस्तक,
ते मुखपृष्ठ नसलेलं, हातातल्या पिशवीत.

एकच लागलं नाही मला.
गाजराच्या हलव्यापाशी तिने फक्त तारीख घातली आहे,
नऊ नोव्हेंबर, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
त्या दिवशी कोण आलं होतं,
हलवा झाला होता का, की गाजरंच आणायची राहिली,
आणि ती मीच आणणार होतो?
फोनवर विचारता येईल.
नको. समोर बसून विचारीन,
ती किसत असताना.